दंड मोडला आणि मनगट लोंबलं: हाताची नस कशी भरून येते, आणि तोवर काय करायचं

हाड जुळत असतं, डॉक्टर एक्स-रे बघून समाधानी असतात, आणि तरीही पंजा मनगटातून खाली लोंबत राहतो. पेला उचलायला हात पुढे करावा तर बोटं उघडतच नाहीत. दंडाचं हाड मधोमध मोडलेल्या साधारण आठ-नऊ जणांतल्या एकाला हे होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी गेली बरीच वर्षं असे हात बघतेय. बहुतेक जण दुचाकीवरून पडलेले, काही झाडावरून, एखादी मावशी अंगणात घसरलेली. सोबत आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, नस तुटलीय की दबलीय?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. अडचण एवढीच, की बहुतेक वेळा पहिल्या दिवशी त्याचं पक्कं उत्तर कुणालाच देता येत नाही. ते काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उलगडत जातं. त्या काळात हात कसा सांभाळला, यावर परत आलेली नस कामाला येणार की नाही हे ठरतं. नस परतली, पण तोवर बोटांचे सांधे लाकडासारखे झाले होते, असे हात मी पाहिलेत. त्याचं फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

आधी नस म्हणजे काय ते ठरवू

आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, बोट ओढणाऱ्या कंडरेला नस म्हणतो आणि मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणाऱ्या चेतातंतूलाही नसच म्हणतो. काचेने मनगट कापलेला माणूस “नस कापली, टाके घातले” एवढंच सांगतो, आणि तिघींपैकी कुठली कापली हे त्यालाही ठाऊक नसतं. या लेखात नस म्हणजे चेतातंतू, म्हणजे डॉक्टर ज्याला नर्व्ह म्हणतात ती.

मानेतून निघालेल्या नसांचं एक जाळं काखेकडे येतं आणि त्यातून हाताच्या मुख्य नसा फुटतात. पंजापर्यंत पोचणाऱ्या तीन: रेडियल, मीडियन आणि अल्नर. रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वेढा घालून, हाडाला अगदी चिकटून जाते. म्हणून हाड तिथे मोडलं की हीच सापडते. मनगट, बोटं आणि अंगठा मागे उचलणं हे तिचं काम.

कुठली नस गेलीय हे घरी पाच मिनिटांत कळतं. मनगट आणि अंगठा वर उचलून बघा. उचलत नसेल तर रेडियल. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करा. गोल चपटा होत असेल तर मीडियन. बोटं पंख्यासारखी फाकवा, मग मधलं बोट तर्जनीवर चढवा. जमत नसेल तर अल्नर. नंतर डोळे मिटून कापसाचा स्पर्श तपासा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात हाताच्या पाठीवर रेडियल, तर्जनीच्या टोकावर मीडियन, करंगळीच्या टोकावर अल्नर. प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांनी हे तपासून कागदावर लिहिलंय का, हे जरूर विचारा. नस अपघातात गेली की नंतर, हे पुढे त्यावरूनच कळतं.

एका गोष्टीला फसू नका. रेडियल नस पूर्ण बंद असली तरी बोटांची पुढची दोन पेरं सरळ होऊ शकतात, कारण ते काम पंजातले छोटे स्नायू करतात आणि ते मुख्यतः अल्नर नसेवर चालतात. घरचे आनंदाने म्हणतात, “बोटं उघडायला लागली!” बघायचं ते मुठीच्या उंचवट्यांपाशी, म्हणजे बोट पंजाला जिथे जोडलंय तिथे. तिथून बोट उचललं तर खरं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

लहान मुलाचा कोपराजवळ मोडलेला हात प्लास्टरमध्ये किंवा बांबूच्या पट्ट्यांत आवळून बांधलाय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी तासागणिक वाढतंय, आणि बोटं दुसऱ्याने हलकेच सरळ केली तरी पोर किंचाळतं. हा धोका आहे. आत दाब वाढून स्नायूंचं रक्त तुटत असतं. काही तासांतच स्नायू मरतात आणि हात कायमचा वाकडा होतो. बांधलेलं लगेच सैल करून घ्या आणि रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका. दाब वाढलेला असतानाही नाडी लागू शकते. हाडवैद्याकडे आवळून बांधलेले आणि असे वाकडे झालेले हात आमच्याकडे येतात. तेव्हा फार थोडं करता येतं.

काच, कोयता, विळा, पतंगाचा मांजा, अशा धारदार वस्तूने कापलंय आणि त्यापुढे बधिर आहे, तर नस तुटली असं धरूनच चालायचं. इथे वाट बघणं नाही. नस काही दिवसांच्या आत शिवली तर दोन्ही टोकं सहज जुळतात. महिना गेला की ती आक्रसतात, आणि मधली फट भरायला बहुतेक वेळा पायाच्या पोटरीमागची एक नस काढून जोडावी लागते. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने होतं. त्यासाठी प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे सर्जन गाठा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत त्यांची सोय असते. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल आणि मनगट पडलं असेल, तरी त्याच ऑपरेशनमध्ये नस उघडून पाहिली जाते.

लहान मूल बधिर वाटतं का ते सांगू शकत नाही. त्याची बोटं अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पाणी आधी तुमच्या हाताने बघा. नस चालू असलेल्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. नस तुटलेलं बोट गुळगुळीतच राहतं. हा प्रयोग जखम भरल्यावरच करायचा.

दबली, फुटली की तुटली

हर्बर्ट सेडन या इंग्रज सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले आणि आजही दवाखान्यात त्याच भाषेत बोललं जातं.

पहिल्यात नस फक्त सुन्न होते. धागे शाबूत असतात, वरचं आवरण दुखावलेलं असतं. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेला माणूस सकाळी लोंबतं मनगट घेऊन येतो तो हाच प्रकार. काही दिवसांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ण बरं.

दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण ज्या नळ्यांतून ते जातात त्या शाबूत असतात. मोडलेल्या दंडात हे पुष्कळदा होतं. तिसऱ्यात नस सगळीच तुटते, किंवा आत इतका व्रण होतो की धाग्यांना वाट उरत नाही. ती आपोआप जुळत नाही.

दुसऱ्या प्रकारात काय घडतं ते उसाच्या शेतात बघा. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो, आणि त्यातूनच खोडवा फुटतो. नसेच्या प्रत्येक धाग्याचं बुड मानेत, मज्जारज्जूत किंवा त्याच्या लगत असतं. इजेच्या पुढचा भाग काही दिवसांत मरून जातो; ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसा कापून हे दाखवलं. मेलेला भाग आतून साफ होतो, नळी रिकामी होते, आणि इजेच्या जागेतून नवे फुटवे त्या नळीत शिरून पुढे सरकतात. वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. महिन्याला इंचभर.

आता हिशोब करा. दंडाच्या मध्यापासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत साधारण दहा सेंटीमीटर, म्हणजे शंभर दिवस, आणि त्याआधी सुरुवातीचे काही आठवडे. पहिली हालचाल तीन-चार महिन्यांनी दिसली तर नस आपल्या वेगानेच चाललीय. बोटं उचलायला आणखी बरेच महिने. दीड महिन्यात “काहीच फरक नाही” म्हणून खचणारा माणूस आला की मी टेप काढते आणि त्याच्याच दंडावर हे अंतर मोजून दाखवते. अर्धी भीती तिथेच उतरते. बंद फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे कातडी न फाटता हाड मोडलं असेल तर, पडलेलं मनगट दहातल्या सात-आठ जणांत ऑपरेशनशिवाय परत येतं.

पण घड्याळ दुसऱ्या बाजूनेही चालू असतं. हुकूम न पोचलेला स्नायू वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षाने नस पोचली तरी तो तिला स्वीकारत नाही. म्हणून वाट बघायची, पण तारखा लिहून.

पहिल्या दिवसापासून: पट्टा आणि सांधे

एक गोष्ट करून बघा. पेशंटला मूठ आवळायला सांगा. मनगट लोंबत असताना पकड अगदी दुबळी लागते. आता त्याचं मनगट तुमच्या हाताने थोडं मागे उचलून धरा आणि पुन्हा आवळायला सांगा. तीच मूठ घट्ट होते! मूठ आवळणारे स्नायू चांगलेच आहेत, त्यांना फक्त मनगटाचा आधार नाही. पट्ट्याचं काम हे.

मनगट वीस-तीस अंश मागे धरणारा पट्टा घ्या. दुकानात कॉक-अप स्प्लिंट म्हणून मिळतो. तळहातावर तो आडव्या रेघांच्या अलीकडे संपला पाहिजे, म्हणजे बोटं पुरती मिटतात. दुकानातले पुष्कळ पट्टे लांब असतात आणि बोटांना अडवतात. ते कापून घ्यावे लागतात. बोटंही उचलणारा, स्प्रिंगचा किंवा रबराचा पट्टा कामावर जाणाऱ्यांना उपयोगी पडतो. तो मापाने बनवून घ्यावा. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत असे पट्टे बनवण्याचा विभाग आहे. पट्टा दिवसा कामाला आणि रात्री झोपताना. व्यायामाला काढायचा आणि प्रत्येक वेळी कातडीवर लाल वळ उठलाय का ते बघायचं.

व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक हालचाल दहादा, चांगल्या हाताने, न दुखवता:

- मनगट मागे आणि बोटं सरळ, दोन्ही एकाच वेळी. पाच आकडे धरून ठेवा. वेगवेगळं केलं तर पुढचे लांब स्नायू आखडतात.
- अंगठा पंजापासून लांब उघडणं. हे सगळे विसरतात, आणि बेचकं आक्रसलं की पेलाही हातात मावत नाही.
- कोपर अंगाला लावून तळहात वर, तळहात खाली.
- खांदा आणि कोपर, हाडाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढंच.

हात दिवसभर झोळीत ठेवू नका. पडलेला पंजा सुजतो आणि सूज सांध्यात गोठते. बसताना उशीवर, हृदयापेक्षा जरा वर ठेवा.

वही, टेप आणि टिचकी

नस पुढे सरकतेय की नाही हे मोजता येतं. ज्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ही खूण वर्णन केली. नसेच्या वाटेवर, मनगटाकडून वर दंडाकडे येत, बोटाने हलक्या टिचक्या मारा. एका जागी टिचकी मारली की हाताच्या पाठीवर अंगठ्याकडे मुंग्यांची चमक जाते. फुटवे तिथवर पोचलेत. पेनाने ठिपका करा आणि कोपराच्या बाहेरच्या हाडापासून अंतर मोजून तारखेसह वहीत लिहा. पहिल्यांदा जागा फिजिओकडून दाखवून घ्या. महिन्याने ठिपका दोन-तीन सेंटीमीटर खाली सरकला तर नस चाललीय. चमक जुन्याच जागी अडकून राहिली आणि तीन महिने हलली नाही, तर ती गोष्ट सर्जनला सांगायची.

पहिली हालचाल कुठे येते हे माहीत असेल तरच ती सापडते. सगळे मनगटाकडे बघत बसतात, आणि परतणारा पहिला स्नायू कोपराजवळ असतो. कोपर काटकोनात वाकवा, अंगठा छताकडे, आणि दुसऱ्याने मनगट वरून हलकं दाबलेलं असताना हात वर उचलायचा प्रयत्न करा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाताच्या वरच्या कडेने एक दोरी ताठ होताना दिसली की समजायचं, पहिला पोचला. त्यानंतर मनगट, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी अंगठा आणि एकटी तर्जनी.

मनगट वर उचलत नसेल तरी आडवं हलतंय का बघा. टेबलावर थोडी टाल्कम पावडर टाका, हात करंगळीच्या कडेवर ठेवा आणि पंजा मागे सरकवायचा प्रयत्न करा. वजन पेलायचं नसल्यामुळे दुबळा स्नायूही इथे हलतो. पावडरीवर उमटलेली अर्ध्या बोटाची रेघ बघून पंचविशीतला एक दणकट गडी माझ्यासमोर रडला होता. सव्वाचार महिने झाले होते. दर महिन्याच्या एक तारखेला याच टेबलावर, याच बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो.

तपासणी कधी, ऑपरेशन कधी

ईएमजी-एनसीव्ही ही नसेची विजेची तपासणी पहिल्या आठवड्यात करून पैसे घालवू नका. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा काही दिवस वीज नेतोच, आणि स्नायूतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिली तपासणी तीन-चार आठवड्यांनी, दुसरी बाराव्या आठवड्याच्या सुमारास. दुसऱ्यात नव्या जोडणीच्या खुणा आल्या तर हालचालीच्या आधीच चांगली बातमी कळते. सोनोग्राफीतही अनुभवी डॉक्टरला नस तुटलेली किंवा हाडात अडकलेली दिसू शकते.

बंद फ्रॅक्चरमध्ये तीन-चार महिन्यांनंतरही हालचाल नाही, चमक सरकली नाही, तपासणीत काही नाही, अशा वेळी नस उघडून बघण्याबद्दल सर्जनशी बोला. काही सर्जन सहा महिन्यांपर्यंत थांबतात. त्यापुढे “बघू अजून थोडं” म्हणणाऱ्याला थेट विचारा, कशाची वाट बघतोय आपण?

नस जोडूनही जमलं नाही, किंवा वेळ निघून गेला, तरी रेडियल नसेच्या बाबतीत रस्ता उरतो. मनगट आणि बोटं मिटवणाऱ्या स्नायूंतले काही आपल्याला परवडतात. त्यांच्या कंडरा फिरवून मागच्या बाजूला जोडतात आणि मनगट, बोटं, अंगठा उचलता येतात. कंडरा फिरवण्याच्या शस्त्रक्रियेला आपल्या देशात मोठा वारसा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात असेच पुन्हा कामाला लावले. त्यासाठी एकच अट: सांधे मऊ हवेत. आखडलेल्या सांध्यावर कंडरा फिरवून उपयोग नाही, म्हणून ते दिवसाचे चार-पाच व्यायाम.

कुष्ठरोगावरून आठवलं. अपघात काहीच नाही, आणि करंगळी-अनामिका बधिर होत वाकायला लागल्या आहेत, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागतेय, अंगावर कुठे फिकट बधिर चट्टा आहे, तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत आहे, आणि नसेला सूज असताना वेळेत उपचार झाले तर हात वाचू शकतो.

दुचाकीच्या अपघातात मान आणि खांदा ताणून अख्खा हातच लुळा पडला असेल, तर वरचा सगळा हिशोब विसरा. ते मानेपासूनच्या जाळ्याचं नुकसान असू शकतं. अंतर इतकं लांब असतं की दुसरी एखादी चांगली नस वळवून जोडण्याचा निर्णय तीन ते सहा महिन्यांत व्हावा लागतो. पहिल्या महिन्यातच त्या कामाच्या सर्जनला गाठा.

बधिर कातडी, गोळ्या आणि मालिश

बधिर बोटाला पोळलेलं कळत नाही. स्टीलच्या पेल्यातला चहा, तवा, आंघोळीची बादली, बंबाचं झाकण, दुचाकीचा सायलेन्सर. पाणी नेहमी चांगल्या हाताने बघा. बधिर भागावर गरम पिशवीचा शेक घेऊ नका; भाजून आलेले फोड मी कितीदा पाहिलेत. तिथे घाम येत नाही आणि कातडी कोरडी पडून भेगाळते, म्हणून रात्री खोबरेल लावा. स्पर्श परतायला लागला की तो चुकीचा लागतो, शर्टाची बाही टोचते. तिथे रोज कापूस, मग सुती फडकं, मग टॉवेल फिरवा. तळहाताच्या नसा परतत असतील तर तांदळाच्या डब्यात हात घालून डोळे मिटून त्यातले हरभरे आणि रुपयाचं नाणं शोधा.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलते. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, शाकाहारी घरांत ते पुष्कळदा कमी असतं. पण तुटलेली नस त्या गोळीने जुळत नाही. आग आणि शॉक बसल्यासारखं दुखत असेल तर त्याची वेगळी औषधं असतात. साध्या वेदनाशामक गोळ्या खात बसू नका. साखर आटोक्यात हवी, तंबाखू आणि विडी बंद हवी. कोपराभोवती जोराचं मालिश अजिबात नको, तिथे स्नायूत हाड तयार होऊन सांधा बसतो. विजेच्या मशीनने स्नायू उडताना दिसतो, पण वाळलेल्या स्नायूला त्याचा टिकाऊ फायदा होतो याचा पुरावा कच्चा आहे. परवडत असेल तर घ्या, पण रोजच्या गाडीभाड्यात व्यायामाचा वेळ जात असेल तर घरीच बसून सांधे हलवा.

पट्टा सुटताना

मनगट स्वतःच्या वजनाला पेलून वर राहायला लागलं की पट्टा दिवसातून तास-तासभर काढा. आधी पाण्याची अर्धी बाटली, मग भरलेली. संध्याकाळी मनगट थकून पडत असेल तर संध्याकाळी पट्टा परत घाला. दुबळा स्नायू सतत ताणलेला राहिला तर आणखी दुबळा होतो.

गाडी कधी चालवू, हा प्रश्न सगळे विचारतात. क्लच किंवा ब्रेक दाबण्यापेक्षा सोडणं अवघड, कारण बोटं उघडायची असतात. गाडी स्टँडवर लावा, इंजिन बंद. दुखऱ्या हाताने लिव्हर दाबा, सोडा, पुन्हा बोटं लिव्हरवर ठेवा, असं तीस वेळा. तिसाव्या वेळी मनगट खाली झुकलं नाही आणि बोटं मुठीवरून लिव्हरवर बघावं न लागता गेली, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवून परवानगी घ्या, आणि पहिला आठवडा गल्लीतच चालवा.